घेतला वसा टाकलात: 'बुच्चिगिरी?!' बनवणाऱ्यांना खुलं पत्र

आदरणीय दिग्दर्शिका हिरोको उत्सुमी, पटकथेची बांधणी करणारे ताकू किशिमोतो आणि माप्पा स्टुडिओतली सगळी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय, त्यामुळे ते टोकियोत कुणी वाचेल अशी आशा नाही. पण खुल्या पत्राचं तसंही असंच असतं. पाकिटावर नाव एकाचं आणि वाचायचं बाकीच्यांनी.

जानेवारी ते एप्रिल 2024 या काळात तुमची 'बुच्चिगिरी?!' ही बारा भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका आली. शाळकरी गुंड पोरं, त्यांच्या टोळ्या, रोजचे राडे आणि त्यात एका पोराच्या मानगुटीवर बसलेला जिन. मालिका पडली. शिव्या पुष्कळ खाल्ल्यात, त्यात मला भर घालायची नाही. पण मागून कुणी या अपयशाचा भलताच अर्थ लावू नये म्हणून हे लिहितेय. ही मालिका कुठल्याही मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, बेतलेली नव्हती, कुठल्याही कादंबरीवर नव्हती. सगळं तुमच्याच डोक्यातून आलेलं. आजच्या ॲनिमेच्या धंद्यात हे धाडस आहे, आणि ते आपटलं की पैसे लावणारे लगेच म्हणतात, "बघा, आधीच गाजलेलं काहीतरी घ्यायला हवं होतं." मला तेच खोडून काढायचंय. 'बुच्चिगिरी?!' नवी होती म्हणून बुडालेली नाही. तिच्या नायकाला शेवटचे थोडे भाग येईपर्यंत कशाचीच किंमत मोजावी लागली नाही, म्हणून ती बुडाली.

आधी चांगलं बोलते, कारण कल्पना ऐकली तेव्हा मी खरोखर खूश झाले होते. नायकाचं नाव अराजिन, म्हणजे जपानी जिभेवर आलेला अल्लाउद्दीन. त्याच्या जिनचं नाव सेन्या म्हणजे हजार रात्री, आणि दुसऱ्या जिनचं इचिया म्हणजे एक रात्र. अरबी कथा उचलून जपानी शाळेच्या मैदानात आणून ठेवल्या म्हणून काहींनी नाकं मुरडली. त्यांना सांगायला हवं, की अल्लाउद्दीनची गोष्ट मुळात कुणा एकाच्या मालकीची कधी नव्हतीच. सर्वांत जुन्या अरबी हस्तलिखितांत ती सापडत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान गालां या फ्रेंच भाषांतरकाराने हन्ना दियाब नावाच्या सिरियन कथेकऱ्याकडून ती ऐकली आणि आपल्या ग्रंथात घातली. आणि ती घडते कुठे? चीनमध्ये! आमच्याकडेही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच या अरबी गोष्टी मराठीत आणल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्या आपल्याच समजून वाचल्या. अशी गाव बदलत फिरणारी गोष्ट तुम्ही यांकी, म्हणजे तुमच्याकडच्या शाळकरी गुंड पोरांच्या हाती दिलीत, यात गैर काहीच नाही. उलट, इतका छान सांधा मला तरी सुचला नसता.

आणि यांकी पोरांची गोष्ट हा तर तुमच्याकडचा घरचा माल. 1982 साली जपानी पोलिसांच्या दफ्तरी बोसोझोकू, म्हणजे मोटरसायकली उडवत फिरणाऱ्या टोळ्यांतली पोरं, 42 हजारांवर होती. आता त्या टोळ्या जवळपास संपल्यात. फुगवलेले केस, घोट्यापर्यंत लांब कोट, पाठीवर भरतकाम केलेली अक्षरं हे सगळं आज आठवणींच्या खात्यात जमा आहे. पण गोष्टींत ती पोरं अजून जिवंत आहेत, कारण त्या गोष्टींचा गाभा मारामारी हा नव्हताच. अभ्यासात शून्य, घरात नकोशी, मास्तरांनी ओवाळून टाकलेली ही पोरं. त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एकच असतं, दिलेला शब्द. मित्राला एकटं सोडून पळायचं नाही. एवढं एक पाळलं की बाकीचे सगळे गुन्हे प्रेक्षक माफ करतो. आमच्याकडच्या कट्ट्यावरचा नियमही फार वेगळा नाही, त्यामुळे हे समजायला आम्हाला जपानी यावं लागत नाही.

आता यात अद्भुत शक्ती मिसळायची म्हणजे काय करायचं, हेही तुमच्याच लोकांनी दाखवून ठेवलंय. 'यू यू हाकुशो'चा युसुके उरामेशी घ्या. चौदा वर्षांचा उनाड पोरगा, पहिल्याच भागात एका लहान मुलाला गाडीखालून वाचवताना मरतो. वर जातो तर कळतं, की त्याच्या मरणाची परलोकात नोंदच नव्हती. तो मध्ये पडला नसता तरी मुलगा वाचला असता! मग तो भुतासारखा स्वतःच्याच घरी येतो आणि आपल्या मयताला जमलेली माणसं बघतो. ज्याच्याशी रोज मारामाऱ्या केल्या तो कुवाबारा तिथे संतापून ओरडतोय, एरवी दारूत बुडालेली आई भिंतीला टेकून बसलीय. शक्ती वगैरे सगळं नंतर. आपण कुणाला तरी हवे होतो हे त्या पोराला मेल्यावर कळतं, तिथेच मालिका जिंकते. पुढचे शंभरावर भाग त्या एका प्रसंगाच्या भांडवलावर चालतात, असं म्हटलं तरी चालेल.

'जोजो' या मालिकेच्या चौथ्या पर्वातला जोसुकेही असाच. डोक्यावर तो जुन्या घाटाचा केसांचा फुगा, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं तर तो खवळतो. का, तर लहानपणी बर्फात अडकलेला असताना त्याला मदत करणाऱ्या एका अनोळखी पोराचे केस तसे होते. त्याची शक्ती मोडलेलं जोडते, जखमा भरून काढते. फक्त स्वतःच्या जखमा त्याला भरता येत नाहीत. एका ओळीत माणूस उभा राहिला की नाही? 'बील्झेबब'मध्ये तर शाळेतल्या सर्वांत दांडगट पोराच्या गळ्यात सैतानाचं तान्हं बाळ पडतं. बाळ रडलं की विजेचे झटके, आणि त्याला सोडून लांब जायची सोय नाही. (त्या मालिकेचे साठ भाग पुढेपुढे भरकटले आणि शेवट मूळ मांगाला सोडून गेला, ते एक वेगळंच रडगाणं आहे.) पण निदान पाया तरी पक्का होता. शक्ती हवी असेल तर लंगोट बदलावे लागतील!

आमच्या पुराणांतही वर कधी फुकट मिळत नाही. भस्मासुराला मिळालेला हात शेवटी त्याच्याच डोक्यावर येतो. ब्रह्मास्त्र शिकलेल्या कर्णाला ते नेमक्या वेळी आठवत नाही. मिळालेल्या शक्तीला काटा नसेल तर ती गोष्ट होत नाही, हे श्रोत्यांना आधीपासून ठाऊक असतं.

तुमचा सेन्या मात्र काय करतो? अवाढव्य, देखणा, बडबड्या, लढाईला हपापलेला जिन. त्याला एक खरी झुंज हवीय, अराजिनला एक मैत्रीण हवीय. अराजिन संकटात सापडला की सेन्याचं बळ त्याच्यात येतं, एक ठोसा, समोरचा उडून पडतो. मग सगळे त्याला जबरदस्त लढवय्या समजतात, तो तोंड लपवत पळतो, आणि पुन्हा माहोरो नावाच्या त्याच मुलीच्या मागे. पहिल्या भागात हसू आलं. दुसऱ्यात थोडं कमी आलं. पुढे वाट बघत राहिले, की आता या उसन्या बळाची वसुली होईल, आता याचं काहीतरी हिरावून घेतलं जाईल. ते व्हायला इतके भाग गेले, की वाट बघणारे निम्मे लोक तोवर उठून गेले होते.

भित्रा नायक असायला माझी हरकत नाही. भित्र्या नायकांनी उत्तम मालिका उचलून धरल्यात. स्वार्थी असला तरी चालेल. पण त्याचा भित्रेपणा कशातून आला, तो कशाला जपतोय आणि पळताना त्याच्या आत काय तुटतं, हे दिसायला हवं. अराजिन पळतो तेव्हा आत काहीच हलत नाही. तो मताकाराला, आपल्या बालमित्राला, तोंडघशी पाडतो आणि पुढच्याच प्रसंगात माहोरोच्या स्वप्नात रमलेला असतो. मारामारीत जीव धोक्यात घालणारा मित्र एकीकडे आणि आपल्याला ढुंकूनही न विचारणारी मुलगी दुसरीकडे, आणि प्रत्येक वेळी त्याची निवड तीच. विनोद म्हणून हे एकदा खपतं. आठ-आठ भाग हेच बघितल्यावर प्रेक्षकाचं मन नायकावरून उडतं आणि ते परत बसत नाही.

खरा घोटाळा इथेच आहे, कारण मताकारा तुमच्याकडे होता! मताकारा आसामिने. लहानपणी या दोघांनी मिळून ठरवलं होतं, की मोठं होऊन खरे लढवय्ये व्हायचं, एकत्र सराव करायचा. वर्षांनी अराजिन गावात परत येतो, आणि मताकारा त्याला बघून अक्षरशः उजळतो. त्याने तो शब्द सांभाळून ठेवलाय. मधल्या काळात तो टोळीत गेला, मार खाल्ला, मार दिला, पण त्या जुन्या शब्दाला त्याने धक्का लागू दिला नाही. आणि ज्याच्यासाठी सांभाळला तो मित्र आता त्याची नजरही चुकवतोय.

श्रावणातल्या आमच्या कहाण्यांत एक बजावणी ठरलेली असते: उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. कहाणीतलं माणूस हटकून वसा टाकतं, मग त्याचं होत्याचं नव्हतं होतं, मग ते वणवण फिरतं आणि शेवटी चूक उमगून पुन्हा वसा घेतं. शेकडो वर्षं आमच्या आज्या-पणज्यांनी हीच रचना वापरून पोरांना खिळवून ठेवलं. तुमच्याकडे ती रचना आयती होती. दोन मुलं, एक वसा. एकाने टाकला, एकाने धरून ठेवला. टाकणाऱ्याला फुकटची शक्ती मिळाली, धरणाऱ्याला काहीच नाही. यातून केवढं काय निघू शकलं असतं! पण तुम्ही कहाणी टाकणाऱ्याच्या खांद्यावर बसून सांगितलीत आणि तो उतला-मातला तरी त्याच्यावर काही कोसळू दिलं नाहीत.

शेवटच्या भागांत इचिया मताकाराच्या अंगात भिनतो आणि तो साधा, प्रेमळ पोरगा उधळतो, तेव्हा एकदम मालिकेला कणा येतो. दोन मित्र समोरासमोर, दोघांमागे दोन जिन, त्या जिनांचंही आपसात जुनं नातं. इतके दिवस साचलेलं सगळं त्या मारामारीत फुटतं. चित्रकारी तर काय सांगावी! रंगांची उधळण, अंगांची लवचीक वळणं, ठोसा लागतो तो आपल्याला जाणवतो. ते बघताना मला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला. हे तुमच्याकडे पहिल्यापासून होतं तर मग राखून कशाला ठेवलंत? साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपवावी असं आमच्याकडे म्हणतात. तुम्ही पाचा उत्तरांचा ऐवज साठापर्यंत ताणलात आणि खऱ्या साठा उत्तरांना शेवटी दोन घटका दिल्यात.

बारा भागांत काय काय बसवणार, असं कुणी म्हणेल. उत्सुमीबाई, तुमच्यापुढे तरी ही सबब चालणार नाही. 2021 साली तुम्हीच 'एसके8 द इन्फिनिटी' केलंत, तेही नवंकोरं, तेही बाराच भागांचं, स्टुडिओ तेवढा वेगळा, बोन्स. ओकिनावात रात्री बंद पडलेल्या खाणीत चालणाऱ्या स्केटबोर्डच्या चोरट्या शर्यती. ती कल्पनाही कागदावर तितकीच अतरंगी. पण तिथे रेकी होता. लांगा या मित्राला स्केटिंग त्यानेच शिकवलं, आणि मग आपला चेला आपल्याला मागे टाकून कुठल्या कुठे गेला हे बघत तो कोपऱ्यात उभा राहिला. लांगाने त्याला दिलेला शब्द मोडला, तेव्हा ते दोघे दुरावले आणि त्या दुराव्याला तुम्ही वेळ दिलात. पावसात भिजलेला तो रेकी अजून लोकांच्या लक्षात आहे. त्याआधी 2013 मध्ये 'फ्री!'मध्येही पोहण्याच्या तलावाकाठी हाच धागा होता, लहानपणी एका संघात पोहलेली आणि मग तुटलेली पोरं. बालपणीची जोडी, मोडलेला शब्द, पुन्हा समोरासमोर येणं. हा तुमचा हातखंडा आहे, बाई. म्हणून 'बुच्चिगिरी?!' बघताना सतत वाटत राहिलं, की स्वयंपाकघरात सुगरण उभी आहे आणि पानात मात्र पाकीट फोडून ओतलेलं काहीतरी येतंय.

माहोरोबद्दल फार लिहीत नाही, कारण तिच्याबद्दल तुम्हीच फार लिहिलेलं नाही. सिग्मा स्क्वॉड या टोळीच्या म्होरक्याची, मारितोची बहीण, भावावर जीव टाकणारी, बाकी काही नाही. मुलगी पटवणं हा अराजिनच्या सगळ्या धडपडीचा मुद्दा आणि त्या मुलीला स्वतःचं मत असू नये? मालिका दिग्दर्शित करणारी बाई असताना हे व्हावं याचं जास्त वाईट वाटलं. पोरांच्या पोरांशी असलेल्या नात्यांत तुम्हाला अधिक रस आहे हे तुमच्या आधीच्या कामांवरून आम्हाला ठाऊक आहे, आणि त्याला आमची काहीच ना नाही. मग ती मुलगी बक्षिसासारखी मध्ये उभी कशाला केलीत? एक तर तिला माणूस करायचं, नाहीतर गोष्टीतून मोकळं करायचं. टोळ्यांतल्या इतर पोरांचंही तसंच. कपडे एकाहून एक, केस एकाहून एक, पण नावं लक्षात राहायला मालिका संपावी लागली.

आता माप्पाच्या मंडळींना दोन शब्द. मासाओ मारुयामांनी 2011 मध्ये स्टुडिओ काढला तेव्हापासून तुम्ही झेप घेतलीत ती अचाट आहे. 'अटॅक ऑन टायटन'चा शेवट, 'जुजुत्सु कायसेन', सगळा पैसा स्वतः घालून केलेलं 'चेनसॉ मॅन'. इथे महाराष्ट्रात, दूरदर्शनवरच्या मोगलीवर आणि मग 'ड्रॅगन बॉल झी'वर वाढलेल्या पिढीची पोरं आज तुमच्या स्टुडिओचं नाव बघून मालिका लावतात. हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत ॲनिमे डब होऊन येतं, मराठीत फारसं येत नाही. ते असो, तो भांडायचा विषय तुमच्याशी नाही.

पण 2023 च्या उत्तरार्धात 'जुजुत्सु कायसेन'च्या दुसऱ्या सीझनवर राबणाऱ्या ॲनिमेटरांनी वेळापत्रकाबद्दल उघडपणे त्रागा केला, तो आम्हीही वाचला. 'बुच्चिगिरी?!' त्याच्या लगोलग आली. चित्रांत कुठे कसर दिसली नाही, आणि हेच मला चिंतेचं वाटतं. म्हणजे हात राबत होते, रात्री जागवल्या जात होत्या, आणि ज्या कागदावरून ते सगळं काढलं जात होतं त्या कागदावरच नायक उभा राहिलेला नव्हता. राबणाऱ्यांच्या कष्टांचा याहून मोठा अपव्यय कुठला? कमकुवत पटकथा उत्तम चित्रांनी झाकता येते असं वाटत असेल तर तसं होत नाही. चित्रं जितकी चांगली, तितकं खालचं भगदाड जास्त डोळ्यांत येतं.

आणि हे स्वतंत्र गोष्टींचं म्हणाल, तर तुमचंच 'युरी!!! ऑन आइस' 2016 मध्ये कशावर बेतलेलं होतं? कशावरच नाही. दिग्दर्शिका सायो यामामोतोंनी नवी गोष्ट आणली आणि जगभरच्या लोकांनी डोक्यावर घेतली. 'झॉम्बी लँड सागा'ही नवीच. त्या युरीच्या चित्रपटाची लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. एप्रिल 2024 मध्ये, 'बुच्चिगिरी?!' संपली त्याच महिन्यात, तो रद्द झाल्याचं तुम्ही जाहीर केलंत. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण बाहेर बसलेल्या प्रेक्षकाला त्या महिन्यात जे दिसलं ते एवढंच, की एक नवी गोष्ट पडली आणि एक लाडकी गोष्ट पुढे जाणार नाही. तेव्हापासून मला धास्ती आहे, की पुढच्या बैठकीत कुणीतरी कागद पुढे सरकवून म्हणेल, आता पुरे झाले प्रयोग.

तसं करू नका. मागणं एवढंच आहे. नव्या गोष्टी करत राहा, अगदी अशाच अतरंगी करा. शाळकरी गुंडांना पुन्हा आणा, जिन आणा, वेताळ आणा, काय वाटेल ते आणा. फक्त पहिली चौकट रंगवायला घेण्याआधी पटकथा लिहिणाऱ्यांना आणखी सहा महिने द्या आणि एक प्रश्न भिंतीवर लिहून ठेवा: या पोराकडून काय काढून घेतलं तर तो पळायचा थांबेल? उत्तर मिळालं की तो प्रसंग तिसऱ्या भागात टाका, अकराव्यात नको.

आणि जमलंच तर एखादा खास भाग मताकाराच्या बाजूने करा. अराजिन गाव सोडून गेला आणि परत आला, त्या मधल्या वर्षांचा. त्याला जिनची गरजही नाही. मी तरी पहिल्या दिवशी बघेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मराठी प्रेक्षक